खडगसेन राजाचं सुतक

द्वारकामावशीची गोष्ट मी सांगते म्हनल्यावर मीच सांगनार. आमच्या गावात आता दुसरीबी मानसं सांगत्यात, पन त्यांचं समदं ऐकीव. कापूस वेचताना मी तिच्या शेजारच्या पातीला व्हते. माझ्या कानांनी ऐकलंय अन् माझ्या पोटानं सोसलंय. तवा ज्याला मधी मधी शंका काढायच्यात त्यानं आत्ताच उठून जावं.

आता मी लेकीकडं संभाजीनगरात असते. नात शेंद्र्याच्या कंपनीत जाते, कानात त्या वायरी घालून. म्हनती, आज्जी, गानी ऐकत काम केलं की हात आपोआप चालतात. मी म्हनलं, बाई, तू मला शिकवू नको. आमचे हात कशानं चालायचे ते तुझ्या कंपनीच्या सायबालाबी ठाऊक नसंल.

आमचं गाव वैजापूरपासनं दोन कोसावर. काळी जमीन, कापसाची. त्यातली निम्मी काळी एकट्या तात्यासाहेबांची. मानूस बुटका, पन आवाज असा की बांधावर खाकरले तरी दुसऱ्याच्या रानातले बैल कान टवकारायचे. वेचनीला पंधरा बाया लागायच्या. मजुरीचा रोज ठरलेला, अन् नेम एकच. पंधरा जनींनी एका वळीत पाती धरायच्या, अन् जिची पात मागं राहील तिनं दुसऱ्या दिवशी येऊ नये. तिच्या जागंला दुसरी तयारच असायची.

द्वारकामावशी पोलिस ॲक्शन झाली त्या साली गावात आली. नवरा वारला व्हता. लोकांनी परस्पर ठरवलं की रझाकारांनी मारला. ती म्हनायची, उगा कुनाच्या नावावर खपवू नका, साध्या तापानं गेला. सासऱ्याची एक खोली गावात पडून व्हती, तीत राहिली. पोटी लेकरू नाय. पाठीला भाऊ नाय, बहीन नाय. तिचा बाप औरंगाबादला छावनीत टांगा हाकायचा. टांगेवाले घोड्यांना वैरन टाकून जिथं बसायचे तिथं एक आंधळा म्हातारा रोज दास्तान सांगायचा. बाप ती ऐकायचा अन् घरी येऊन लेकीला सांगायचा. म्हनून मावशीच्या कहानीत तख्त, वजीर, लष्कर असली भारी भारी मंडळी असायची. आमच्या बायांना वजीर म्हंजी काय ठाऊक नव्हतं. साळूबाईनं इचारलं तवा मावशी म्हनली, तलाठ्याचा बाप. तवापासनं समद्यांना बरोबर कळलं.

हे मी यायच्या आधीचं, साळूबाईच्याच तोंडचं. पहिल्यांदा कापसात तिनं कहानीला तोंड उघडलं तवा ही साळूबाईच अडवी आली. साळूबाई आमच्यात सगळ्यात म्हातारी, गावातली सुईनबी तीच. ती म्हनली, "द्वारके, दिवसा कहानी सांगू नये. मामा वाट चुकतो."

हे आमच्याकडं समदे मानत्यात. दिवसाउजेडी कहानी सांगितली तर सांगनारीचा भाऊ, लेकरांचा मामा, कुठंतरी वाट चुकतो. म्हनून कहान्या दिवेलागनीनंतर. पन दिवसभर वाकून आलेल्या बाईला दिवेलागनीनंतर कहानी सांगा म्हनलं तर ती चुलीतच पडंल.

मावशीनं कमरंवर हात ठेवले. "साळूबाई, मला भाऊ नाय अन् लेकरूबी नाय. चुकायला मामा आनायचा कुठनं? अख्ख्या तालुक्यात दिवसा कहानी सांगायचा परवाना माझ्या एकटीला हाय."

"अन् ऐकनारनीचे भाऊ?"

"ज्यांना भाऊ हाय त्यांनी पहिल्या बोंडाचा कापूस भावाच्या नावानं पदराला बांधावा. वाट चुकलाच तर धागा धरून येईल."

झालं. रोज सकाळी चौदा बाया पदराला कापसाची गाठ मारायच्या अन् पंधरावी तोंड उघडायची. पुढं मी पातीला लागले, तर मला दोन भाऊ, म्हनून मी दोन गाठी मारायची.

तिचा राजा खडगसेन. मुलूख सात डोंगरांच्या पल्याड, तिथं नद्या डोंगर चढतात अन् झाडं रात्री जागा बदलतात. खडगसेनाचा घोडा निखारे खायचा. अन् त्याची तलवार त्याला एका जोगनीनं दिलेली. तिचा गुन असा, की जवर ती म्यानाबाहेर हाय तवर त्या मुलखात सूर्य मावळायचा नाय, अन् जवर सूर्य हाय तवर राजा हरायचा नाय. पन तलवार म्यानात गेली की राजाचा जीव गेला. म्हनून राजा कधी थांबायचा नाय. एक किल्ला घेतला की दुसरा. काचेचा घेतला, लोखंडाचा घेतला, एक नुसत्या धुराचा व्हता तोबी घेतला. मावशीच्या तोंडातनं कहानी पान्यासारखी वाहायची.

आता ह्यात कामाची गोम काय ती सांगते. मावशी वळीच्या मधोमध. तिचा आवाज दोन्हीकडं सात-सात पातींपर्यंत पोचायचा, मागं नाय. म्हंजी जी मागं राहिली तिची कहानी गेली. मंग कोन मागं राहतंय? अन् दुसरं म्हंजी हात कहानीमागं धावायचे. राजा बागंत रानीसंगं बसला की बोटंबी बागंत बसायची, बोंड चार बाजूंनी बघून कापूस काढायची. अन् लढाई लागली की आमचे हात असे पळायचे की बोंडाच्या काट्यानं बोटं फाटली तरी घरी गेल्यावर कळायचं.

तात्यासाहेब बांधावर छत्री लावून बसायचे. म्हनायला देखरेख. खरं तर त्यांनाबी राजाचं येड लागलं व्हतं. वारा उलटा असला की छत्री उचलून ह्या बांधावरनं त्या बांधावर जायचे. पन मानूस हिशेबी. चार दिवसांत त्यांनी वळखलं, की ज्या दिवशी लढाई त्या दिवशी दोन एकर जास्त उरकतं.

एक दिवस मावशीला म्हनले, "द्वारकाबाई, ते बागंत बसनं, फुलं हुंगनं जरा आटपतं घ्या. लढाई येऊ द्या."

अन् मावशीनं येऊ दिली. खोटं कशाला बोलू, तिला लई अभिमान व्हता त्याचा. दर दिवाळीला तात्यासाहेबांकडनं तिला लुगडं यायचं, चांगलं नऊवारी, काठाचं. ते नेसून ती वेशीतनं जायची तेव्हा बाया वाट द्यायच्या. दुसऱ्या गावचे बागायतदार तिला न्यायला गाडी पाठवायचे. ती म्हनायची, "माझ्या जिभंवर शंभर एकर वेचलं जातं." खरंच व्हतं. खडगसेन अकरा वर्सं लढला, अन् अकरा वर्सं आमच्या रानात सांज उशिरा झाली.

मी लगीन होऊन आले अन् दुसऱ्या सालीच पातीला लागले. त्या मार्गशीर्षात मला चवथा महिना व्हता. धुराच्या किल्ल्याची लढाई चालली व्हती. तीन दिवस सलग. मी तीन दिवस वळीत राहिले. चवथ्या दिवशी पोट दुखायला लागलं अन् माझं लेकरू गेलं.

मावशी मला बघायला आली. दारात बसली, आत येईना. म्हनली, "आशे, मी ती लढाई जरा आवरती घ्यायला पायजे व्हती."

मी येडी, एकोनीस वर्सांची. मी तिला इचारलं, "राजा जिंकला का?"

"जिंकला," ती म्हनली. अन् तिचं तोंड असं पडलं, की तसं मी परत कधी बघितलं नाय. मला तेव्हा वाटलं माझ्या लेकरापायी. आता कळतं, ते माझ्या इचारन्यापायी पडलं व्हतं.

पुढच्या साली मला पुन्हा दिवस गेले. अन् त्याच साली माझ्या मालकाचा, बन्सीचा, हात मोडला. गाडी उलटली, हात खाली आला. घरात कमावनारी मी एकटी. तवा सातवा सरत आला तरी मी पौषात पातीला उभी. साळूबाईनं पोटाला हात लावून सांगितलं व्हतं, आशे, आता धावलीस तर हेबी जाईल. अन् न धावावं तर पात मागं पडनार, दुसऱ्या दिवशी जागा गेली, अन् चूलबी गेली. माझ्यापुढं दोनच वाटा व्हत्या अन् दोन्ही वाईट.

त्यातच आभाळ यायला लागलं. पौषातलं आभाळ म्हंजी फुटलेल्या कापसाचा काळ. पंचवीस एकर पांढरं होऊन उभं. तात्यासाहेब सकाळीच बांधावर आले अन् म्हनले, "द्वारकाबाई, आज मोठी लढाई पायजे. आजवर झाली नसंल अशी." मंग माझ्याकडं बघून म्हनले, "आशे, काल तुझी पात दोनदा मागं राहिली. आज राहिली तर उद्या येऊ नको."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. पदर खोचला. अन् लढाई सुरू केली.

दुपारपर्यंत मी कशी वेचत व्हते माझं मला ठाऊक. ओटीत कापूस, त्याच्याखाली लेकरू. पाठीतनं कळ यायची. दोन हात मागं पडले, धावून गाठली. पुन्हा चार हात मागं पडले. मावशीनं मान वळवून बघितलं. तिचा आवाज हळू झाला. बांधावरनं तात्यासाहेब म्हनले, "काय झालं? लढाई कुठं गेली?"

"हाय की," मावशी म्हनली. अन् तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दात सांगते.

"त्या लष्करात पानी पाजनारी एक बाई व्हती. पाठीला पखाल, पोटात लेकरू. ती राजाच्या घोड्याला अडवी गेली. म्हनली, महाराज, अकरा वर्सं झाली, सांज झाली नाय. मानसाला सांज लागती. चूल सांजंला पेटती, लेकरू सांजंला निजतं. राजा म्हनला, बाई, सांज झाली तर मी मेलो. बाई म्हनली, अन् नाय झाली तर आमी. मंग राजानं मागं वळून आपल्या लष्कराकडं बघितलं. आजवर त्यानं निस्तं दुश्मनाकडं बघितलं व्हतं. त्याला दिसलं, निम्मं लष्कर उभ्या उभ्या झोपलंय. राजा घोड्यावरनं उतरला. बाईच्या हातनं वंजळभर पानी प्याला. जोगनीचं नाव घेतलं, अन् तलवार म्यानात घातली. सूर्य मावळला. अकरा वर्सांत पहिल्यांदा चुली पेटल्या. सकाळी समदं लष्कर उठलं. राजा उठला नाय."

पंधरा जोड्या हात बोंडावर तसेच राहिले.

साळूबाई म्हनली, "गेला?"

"गेला," मावशी म्हनली. अकरा वर्सं तिनं त्याला वाढवला व्हता. तिला दुसरं व्हतं कोन?

साळूबाईनं ओटी सोडली, कापूस गाठोड्यात वतला अन् म्हनली, "चला बायांनो. मयत झाल्यावर रानात हात लावू नये." आमच्याकडं गावात कुनी गेलं की त्या दिवशी काम बंद. हा नेम तात्यासाहेबांच्या नेमापेक्षा जुना. चौदा बाया एकीमागं एक बांधाला लागल्या.

आता तात्यासाहेबांनी वरडायला पायजे व्हतं का नाय? त्यांनी छत्री मिटली. कुनाकडं न बघता इहिरीवर गेले, पोहरा वढला, अन् धोतरासगट डोक्यावरनं दोन पोहरे पानी घेतलं. मयताची बातमी कळल्यावर घेतात ना, तसं. मंग वल्ल्या अंगानं घराकडं चालू लागले. आमी समद्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी रानात एक बाई नाय. आभाळ आनखी खाली आलेलं. आमी समद्या मावशीच्या दारात बसलेल्या, मयताच्या घरी बसतात तशा. पातीतल्या आवडाबाईनं तर कहरच केला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाय म्हनून ती मावशीला पिठलं-भाकर घेऊन आली. राजाचं सगळ्यात जवळचं मानूस मावशीच, मंग भाकर तिलाच. मावशीनं ती खाल्लीबी.

तात्यासाहेब आले ते तापूनच आले. रातीत मानूस सावध झाला व्हता. "द्वारकाबाई, हे काय सोंग लावलंय? कोन राजा अन् कुनाचं सुतक? तोंडची वाफ ती. आभाळ बघा वर."

"बघितलं," मावशी म्हनली. "सुतकात आभाळबी दिसतं."

"असला राजा कुठं व्हता का?"

"नव्हता?"

"नव्हता."

"मंग तात्यासाहेब, काल इहिरीवर पानी कुनाच्या नावानं घेतलं?"

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. आवडाबाई भिंतीकडं वळली. तात्यासाहेबांचं तोंड लाल झालं, अन् अडकलेला मानूस वंगाळ बोलतो तसं ते बोलले. "तुला ना मूल, ना भाऊ. राजाचं सुतक धरतीस, तुझं कोन धरनार हाय?"

बायांच्या तोंडावरचं हसू गेलं. मला असा राग आला की उठून काहीबाही बोलले असते, पन मावशीनं माझा हात दाबला. तिचं तोंडबी पडलं नाय. म्हनली, "ते माझं मी बघीन. तुमी राजाचं बोला."

तात्यासाहेबांना आपलं बोलनं लागलं असावं, आवाज खाली आला. "किती दिवस धरनार?"

"राजा म्हंजी रयतेचा बाप. बापाचं तेरा."

"तेरा दिवसांत कापूस मातीत जाईल."

"मंग सोयऱ्याचं धरू, तीन."

"आजच सुटक करा. मागनी काय हाय ती सांगा, मला कळतं सगळं."

"मागनी माझी नाय, कहानीची हाय. राजाच्या मागं कोन, ते ठरल्याशिवाय सुतक सुटत नाय."

"कोन हाय मागं?" हे त्यांनी इतकं चटकन इचारलं की त्यांनाच लाज वाटली. इकडं तिकडं बघितलं.

"रानी हाय. सातवा सरलाय तिला."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. माझ्या पोटाकडं, अन् माझ्या बोटांकडं. मंग म्हनले, "द्वारकाबाई, मी येडा नाय."

"येडे असता तर मी तुमच्याशी बोलले नसते."

"अन् मी ऐकलं नाय तर?"

"तर रानी पातीत मागं पडंल, तुमी तिला घरी धाडाल, अन् तिच्या पोटी काय येतं ते कुनालाच कळायचं नाय. मलाबी नाय. कहानी तिथं सपली."

माझ्या लेकराचा जीव त्या घडीला एका राजाच्या मढ्यावर टेकलेला, अन् तो राजा कधी जन्मलाच नव्हता. बन्सीचा मोडका हात, माझी चूल, समदं त्या मानसाच्या एका शब्दावर.

तात्यासाहेबांनी छत्रीचं टोक जमिनीत रुतवलं. म्हनले, "आशीनं त्या कडूलिंबाखाली बसून कापसातला पालाकचरा निवडावा. रोज तोच." उलटे फिरले, दोन पावलं गेले अन् थांबले. "पन लिंब पातीपासनं लांब. मला... रानीला ऐकू यायचं कसं?"

"पातीत आता कहानीच नाय," मावशी म्हनली. "बाया ओटी भरली की लिंबाखाली रिकामी करायला येतील. तेवढा येळ सांगीन. बाकीच्या येळी ज्याचे त्याचे हात, ज्याची त्याची चाल."

"अन् मी कुठं बसू?"

"तुमी रानीजवळ. मुलखाला राजा नाय, पहारा कोन देनार?"

साळूबाईनं सुतक सुटल्याचं सांगितलं अन् आमी त्याच दुपारी रानात गेलो.

तो पौष अन् माघ मी लिंबाखाली काढला. बाया येऊन ओटी वतायच्या, बसायच्या, पानी प्यायच्या. मावशी चार वाक्यं सांगायची. रानी आज महालात एक जिना चढली. रानीला आज चिंच खावी वाटली. बस, एवढंच. लढाई नाय, धूर नाय. अन् नवल सांगू का, बायांना ते लढाईपेक्षा गोड लागलं. कामबी फार मागं राहिलं नाय. पाच-सहा एकर भिजलं, ते भिजलं. तात्यासाहेब शेजारी छत्री लावून बसायचे. एकदा मी पालं निवडता निवडता उठले, तर म्हनले, "रानीला उठू देऊ नका." मंग खाकरले. मी रागात व्हते अजून, तुझं कोन धरनार ते बोलनं मी इसरले नव्हते. पन हसू आलं ते आलंच.

फाल्गुनात साळूबाईच्या हातावर मला लेक झाली. सुखरूप, काळीसावळी, गळा तात्यासाहेबांसारखा. तिसऱ्या दिवशी बन्सीला त्यांनी वाटंत गाठलं. "रानीला काय झालं?"

"लेक," बन्सी म्हनला.

सांजच्याला तात्यासाहेब मावशीच्या दारात. "लेक तख्तावर बसती का?"

"बसवली की बसती," मावशी म्हनली.

पन मावशीचं राज्य मातर त्या दिवसापासनं उतरनीला लागलं. तिला ते ठाऊक व्हतं, ठाऊक असूनच तिनं तलवार म्यानात घातली. दुसऱ्या गावच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. ते म्हनायचे, लढाई सांगत नसंल तर काय कामाची. तात्यासाहेबांनीबी दिवाळीचं लुगडं बंद केलं. मागनी मान्य केली, पन दारात चौदा बायांपुढं हरले व्हते ना, ते सलत व्हतं. कहानी ऐकायला यायचे, लुगडं नाय. मावशी फाटलेली जुनीच दंड घालून, जोड शिवून नेसायची अन् वेशीतनं पहिल्यासारखीच ताठ जायची. मी एकदा माझ्याकडचं देऊ केलं तर म्हनली, "ठेव. मला राजाचं लुगडं पायजे व्हतं तेव्हा मी राजाचं नेसले. आता माझं नेसते." वीस वर्सं ती तशी जगली. माझ्या लेकीला तिनं अंगाखांद्यावर वागवलं. पुन्हा कुनालाबी लढाई सांगितली नाय. पोरं मागायची, तर म्हनायची, लढाईत काय हाय, समदे निस्ते दमतात.

वैशाखात गेली ती. दुपारी भाकरी खाल्ली, भिंतीला टेकून बसली, अन् झालं. अंगनात तिला घेतली. अंघोळ घातली. अन् मंग समद्या बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. बाई गेली की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आनतो. सासरच्या लुगड्यावर बाईला वाटंला लावत नाय आमच्याकडं. हिला भाऊ नाय. माहेर म्हंजी औरंगाबादच्या छावनीतला एक टांगेवाला, तोबी कधीचा गेलेला. आवडाबाई हळूच म्हनली, "आशे, आता कसं?" मी म्हनलं, कसं काय, माझं काढते, मला कोन इचारतंय ते बघते. अन् घरात जायला वळले.

तर बांधाकडनं तात्यासाहेब येताना दिसले. पंच्याहत्तरी उलटलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तळहात दिसायचा नाय. लेकं-सुना त्यांना एकट्याला अंगनाबाहेर सोडत नव्हते. त्यांच्या मळ्यातल्या घरापासनं गाव अर्धा कोस, मधी नाला, दोन काट्याच्या कुपाट्या. भर दुपारचं ऊन. हातात छत्री नव्हती. काखंत गाठोडं व्हतं. बायांनी वाट दिली. पायानं चाचपत मावशीपर्यंत आले, खाली बसले, गाठोडं सोडलं. नवं कोरं नऊवारी, काठाचं.

"माहेरचं हाय," ते म्हनले.

कुनीतरी म्हनलं, "तात्यासाहेब, तुमी कसं काय?"

"मी तिला एकदा इचारलं व्हतं, तुझं कोन धरनार म्हनून," तात्यासाहेब म्हनले. "वीस वर्सं त्याचं उत्तर देता आलं नाय मला." मंग उठले अन् इहिरीची वाट इचारली.

मीच त्यांचा हात धरून नेलं. माझा वीस वर्सांचा राग व्हता, तो त्या वाटंवर कुठं गळाला मला कळलं नाय. पोहरा मी वढला. दोन पोहरे पानी डोक्यावरनं घेतलं त्यांनी, धोतरासगट, पहिल्यासारखंच.

परत येताना मी इचारलं, "तात्यासाहेब, डोळ्यांना दिसत नाय. नाला, कुपाट्या, एवढ्या उन्हाचे एकटे आलात कसे?"

"आलो," ते म्हनले. "वाट चुकलो नाय."